सात जणींचे दहा लाख आणि उरलेला एक रुपया

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या गटांमधल्या ताया, मावश्या, आक्का, आणि भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या लेकी-सुना, सगळ्यांना राम राम. मी तुमची बचत गटाची समन्वयक. दर वेळी मी कर्ज, व्याज, परतफेड असलं काहीतरी घेऊन येते. आज मी एक आकडा घेऊन आले आहे. एकच आकडा. त्याची गंमत मोठी आहे. आणि त्याच्या मागं मागं चालत गेलं की आपण शेवटी आपल्याच गटाच्या कॅशबुकापाशी येऊन पोचतो. तिथं मला एक चूक कबूल करायची आहे. ती शेवटी सांगेन.

आधी वही-पेन घ्या. हात पिठात असतील तर शाळेतल्या पोराला किंवा नातीला हाक मारा. आज तिचाही उपयोग आहे.

झालं असं. हळद-मसाल्याचा धंदा करणाऱ्या सात जणींबरोबर मी बसले होते. बँकेकडं दहा लाखांचा प्रस्ताव करायचा, असं चाललं होतं. एकीनं विचारलं, "ताई, दहा लाख मिळालं तर एकेकीच्या वाट्याला किती येत्यात?" मी मोबाईलवर दहा लाखाला सातनं भागलं. आकडा आला १,४२,८५७. त्यापुढं टिंब, आणि टिंबाच्या पुढं परत १४२८५७. मी म्हटलं, मोबाईलला काहीतरी झालं. पण सातवीतली एक पोरगी आईच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, त्योच आकडा परत आलाय."

पोरगी बरोबर होती. मोबाईलही बरोबर होता. मी बी. ए. झालेली बाई, दहावीला गणितात काठावर पास. त्या दिवशी मला कळलं की भागाकार आपण कधी नीट बघितलाच नाही, फक्त उरकला.

म्हणून आज तो न उरकता करू. मशीन नको, गठ्ठे करू.

समोर दहा लाख रुपये आहेत, लाखाचा एक गठ्ठा असे दहा गठ्ठे. सात जणी बसल्या आहेत. प्रत्येकीला एक गठ्ठा दिला. सात गेले, तीन उरले. तीन गठ्ठे सात जणींत जात नाहीत, म्हणून ते फोडून दहा-दहा हजारांचे केले. तीस झाले. प्रत्येकीला चार. अठ्ठावीस गेले, दोन उरले. ते दोन फोडून हजार-हजाराचे केले, वीस झाले. प्रत्येकीला दोन. चौदा गेले, सहा उरले. ते फोडून शंभर-शंभराचे साठ. प्रत्येकीला आठ. छप्पन्न गेले, चार उरले. चाराचे दहा-दहा रुपयांचे चाळीस. प्रत्येकीला पाच. पस्तीस गेले, पाच उरले. त्याची रुपया-रुपयाची पन्नास नाणी. प्रत्येकीला सात. एकोणपन्नास गेली. उरला एक रुपया.

आता प्रत्येकीला काय काय मिळालं ते ओळीनं लिहा. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. म्हणजे एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. आणि मध्ये चटईवर एक रुपया.

हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: १४२८५७. आता याला दोननं गुणा, मग तीननं, चारनं, पाचनं, सहानं. एकाखाली एक लिहा.

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

नीट बघा. नवीन अंक एकही आला नाही. तेच सहा अंक, आणि क्रमही तोच. फक्त सुरुवात वेगळ्या जागेवरून. बांगडीवर सहा खडे बसवले आहेत आणि तुम्ही बांगडी हातात फिरवताय असं समजा. खडे जागचे हलत नाहीत, समोर येणारा खडा तेवढा बदलतो.

आता सातनं गुणा. बांगडी एकदम फुटते: ९९९९९९. सहा नव्वे. दहा लाखाला एक कमी. तो कमी असलेला एक म्हणजेच चटईवर उरलेला तो रुपया.

आठनं गुणून बघा. ११४२८५६ येतात. सात अंक झाले, बांगडी मोडली असं वाटेल. पण सुरुवातीचा एक उचला आणि उरलेल्या १४२८५६ मध्ये मिळवा. परत १४२८५७. नवानं गुणलं तर १२८५७१३. पुढचा एक उचलून मागं मिळवला की २८५७१४, म्हणजे बांगडी परत फिरायला लागली.

अजून एक. आकडा मधोमध तोडा. १४२ आणि ८५७. बेरीज ९९९. दोन-दोनाचे तुकडे करा. १४, २८ आणि ५७. बेरीज ९९. या नवांकडं लक्ष ठेवा, पुढं आपल्याला त्यांचंच काम आहे.

आता कुणी म्हणेल, हा काही शुभ आकडा आहे, देवघरात लावावा, गाडीच्या नंबराला घ्यावा. मैत्रिणींनो, तसलं काही नाही. यात कारण आहे, आणि ते कारण आपण आत्ता गठ्ठे वाटताना हातानं केलं आहे.

प्रत्येक वाटपानंतर काय उरलं ते आठवा. सुरुवातीला एक दशलक्ष, म्हणजे एकाचे दहा करून वाटायला बसलो. मग तीन उरले, मग दोन, मग सहा, मग चार, मग पाच, आणि शेवटी एक. सातनं भागताना बाकी एक ते सहा एवढीच उरू शकते. इथं त्या सहाही बाक्या एकदा एकदा येऊन जातात आणि शेवटी परत एक. एक आला म्हणजे सुरुवातीच्या जागेवर आलो. आता उरलेला रुपया फोडून पैसे केले तरी परत एक, चार, दोन, आठ, पाच, सात. म्हणून मोबाईलवर टिंबाच्या पुढं तोच आकडा आला. पोरीनं पकडलं ते हेच.

मग दहाऐवजी तीस लाख वाटायचे असतील तर? वाटप सुरू कुठून होणार? तीन उरले होते त्या पायरीपासून. तिथून पुढं वाट तीच: चार, दोन, आठ, पाच, सात, एक. प्रत्येकीला ४,२८,५७१ आणि चटईवर तीन रुपये. वीस लाख असतील तर दोन उरले होते त्या पायरीपासून: २,८५,७१४, आणि उरतात दोन रुपये. एकाच गोल रस्त्यावर आपण वेगवेगळ्या थांब्यांवर चढतो, एवढंच. एस.टी.त कुठंही चढलं तरी पुढची गावं त्याच क्रमानं येतात.

सगळ्याच आकड्यांना असं जमत नाही. तेरा जणींचा गट असेल तर दहा लाखातले प्रत्येकीला ७६,९२३ येतात आणि तिथंही एकच रुपया उरतो. पण पुढं शून्य धरून ०७६९२३ लिहिलं आणि दोननं गुणलं तर १५३८४६ येतात. ही वेगळीच बांगडी. तीननं गुणलं की २३०७६९, म्हणजे पहिली बांगडी. तेराच्या हातात दोन बांगड्या आहेत. सातच्या हातात एकच. सातनंतर एकाच बांगडीवाला आकडा थेट सतरा, आणि त्याच्या बांगडीत सोळा खडे. तो हिशेब ज्या पोरांना सुट्टीत कंटाळा येतो त्यांना द्या.

आता तुम्हाला एका मास्तरांची ओळख करून देते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. आपल्या महाराष्ट्रातले. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाची आवड. घरात आकडेमोड चालायची, पोराला तिचाच नाद लागला. ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, १९२९ साली बी. एस्सी. मग १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक. मोठं कॉलेज नाही, वरची पदवी नाही, पगार शाळामास्तरचा. पण आकड्यांशी खेळायचं त्यांनी सोडलं नाही. पोरांना शिकवायचं, आणि उरलेल्या वेळात कागद-पेन्सिल. अशा खेळाला काय अर्थ, असं म्हणणारी शिकली-सवरलेली मंडळीही होती. पुढं १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकेतल्या लेखकानं तिकडच्या नावाजलेल्या विज्ञान मासिकात त्यांच्याविषयी लिहिलं, आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं. १९८६ साली ते गेले. आज जगातली गणिताची पुस्तकं 'कापरेकर संख्या' असा शब्द वापरतात.

कापरेकर संख्या म्हणजे काय? सोपं आहे. ४५ घ्या. पंचेचाळीसला पंचेचाळीसनं गुणा. २०२५ येतात. मधोमध तोडा, २० आणि २५. बेरीज करा, परत ४५. पंचावन्नचं तसंच. पंचावन्न गुणिले पंचावन्न, ३०२५. तीस आणि पंचवीस, पंचावन्न. माहेर सोडून गेलेली लेक दिवाळीला परत दारात उभी, तसा आकडा स्वतःकडं परत येतो. असे आकडे थोडे असतात. बाकीचे गुणले, तोडले, मिळवले तरी परत घरी येत नाहीत.

आता आपला १४२८५७ बघा. त्याला त्यानंच गुणलं तर २०४०८१२२४४९ येतात. साधा कॅल्क्युलेटर एवढा मोठा आकडा दाखवणार नाही, मोबाईल दाखवेल. मागचे सहा अंक वेगळे काढा: १२२४४९. पुढं राहिले २०४०८. दोघांची बेरीज करा.

१२२४४९ + २०४०८ = १४२८५७.

सात जणींच्या वाटणीचा आकडा कापरेकर मास्तरांच्या यादीतला निघाला.

मास्तरांनी आणखी एका जातीच्या आकड्यांना नाव दिलं, हर्षद संख्या. हर्ष देणारी ती हर्षद. ज्या आकड्याला त्याच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो, तो हर्षद. आपल्या आकड्याच्या अंकांची बेरीज करा. एक, चार, दोन, आठ, पाच, सात: सत्तावीस. १४२८५७ ला सत्तावीसनं भागा. ५२९१ येतात, बाकी काही उरत नाही. म्हणजे हा आकडा हर्षदही आहे.

आणि मास्तरांचा सगळ्यात गाजलेला शोध म्हणजे ६१७४. हा खेळ चार अंकी आकड्याचा. कुठलाही घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३,७८० घेतला. त्यातले अंक मोठ्याकडून लहानाकडं मांडा: ८७३०. मग लहानाकडून मोठ्याकडं: ०३७८. वजा करा. ८३५२ आले. परत तेच करा. ८५३२ वजा २३५८. उत्तर ६१७४. आता ६१७४ चं तसंच करा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. तिथंच अडकतो. तुम्ही दुसरा आकडा घेतलात तर पायऱ्या कमी-जास्त होतील, पण जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच दारात याल.

आता माझ्या मुद्द्यावर येते. कापरेकरांच्या या खेळात आपण काय करतो? एकाच आकड्यातले अंक इकडचे तिकडं करतो आणि फरक काढतो. असा फरक कधीही काढा, त्याला नवानं पूर्ण भाग जातो. ८३५२ च्या अंकांची बेरीज अठरा. ६१७४ ची पण अठरा. अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यात बसली की आकड्याला नवानं भाग जातो, हे आपल्या आज्ज्यांनासुद्धा माहीत होतं.

का जातो भाग? बावन्न घ्या. पाच दशक आणि दोन सुटे. उलटे लिहिले तर पंचवीस: दोन दशक आणि पाच सुटे. काय झालं? तीन दशकांचे तीन सुटे झाले. दहाचा एक झाला की नऊ कमी होतात. तीन वेळा झालं, सत्तावीस कमी. शंभराच्या घरातला अंक दहाच्या घरात गेला तर दर एकामागं नव्वद कमी. हजाराचा शंभरात गेला तर नऊशे. नऊ, नव्वद, नऊशे. प्रत्येक ठिकाणी नऊच.

आता ती कबुली.

मी नवीन नवीन समन्वयक झाले होते. दुष्काळी पट्ट्यातलं एक गाव, अकरा जणींचा गट. सचिव पन्नाशीच्या पुढची बाई, सातवी शिकलेली. सगळ्याजणी तिला वैनी म्हणायच्या. गट निघाल्यापासून कॅशबुक तीच लिहायची, अक्षर मोत्यासारखं. एका महिन्यात वहीचा आणि पेटीचा मेळ बसेना. वहीप्रमाणं जमा ६,४३०, त्यातले बँकेत भरले ४,६३०. म्हणजे पेटीत १,८०० पाहिजेत. पेटी रिकामी.

वैनी सारखी म्हणत होती, "माझ्याकडं न्हाईत गं. हाताला लागलंच न्हाईत ते पैसं." पण तिनं त्याच महिन्यात शेळी घेतली होती. मग कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी ते पुढं नेलं. बैठकीत आवाज चढले. मी काय करायला पाहिजे होतं? अकरा सभासदांची पासबुकं मागवून एकेक रक्कम परत मांडायला पाहिजे होती. मी ते केलं नाही. मला पुढच्या गावाला जायचं होतं, संध्याकाळची शेवटची गाडी होती. मी म्हटलं, "वैनी, गट टिकला पाहिजे. भरून टाका आणि विषय मिटवा." तिनं एक शब्दही न बोलता आठवड्यात १,८०० रुपये आणून भरले आणि पेन खाली ठेवलं.

वर्षभरानं एका प्रशिक्षणात बँकेतून निवृत्त झालेले एक काका हिशेब शिकवायला आले होते. ते म्हणाले, "मेळ बसत नसेल तर आधी फरकाला नवानं भागून बघा. भाग गेला तर माणसावर बोट दाखवायच्या आधी अंकांकडं बघा. अंक उलटसुलट पडलेले असतात." मी तिथंच वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, १,८०० भागिले नऊ. दोनशे. पूर्ण भाग. माझ्या पोटात गोळा आला.

त्या गावात गेले, सगळ्यांची पासबुकं मागवली, त्या महिन्याच्या रकमा मांडल्या. बेरीज ४,६३०. जमा मुळात ४,६३० च होती. वैनीनं कॅशबुकात चार आणि सहाची अदलाबदल करून ६,४३० लिहिले होते. दोन शेकड्यांची जागा दोन हजारांनी घेतली, दर एकाला नऊशे, दोनाचे अठराशे. पैसे गेलेच नव्हते, कारण ते कधी आलेच नव्हते. उलट वैनीनं घरचे १,८०० भरल्यामुळं वर्षभर गटाकडं जास्तीचे पैसे पडून होते, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बैठकीत सगळ्यांसमोर मी माझी चूक सांगितली, वैनीची माफी मागितली, गटानं ठराव करून तिचे पैसे परत दिले. वैनीनं नोटा मोजून घेतल्या. मग मला म्हणाली, "पैसं दिलंस, बरं केलंस. पर वरीसभर मी बाजाराला खालमानेनं गेले, त्येचं काय करतीस?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. ती गटात आहे, बचत वेळेवर भरते, पण वही तिनं परत हातात घेतली नाही. म्हणून आज मी हे रेडिओवर बोलते आहे.

तर मैत्रिणींनो, गटाच्या सचिव-कोषाध्यक्षांनी आणि सगळ्या सभासदांनीसुद्धा हे लिहून घ्या.

मेळ बसत नसेल तर पहिल्यांदा फरक किती आहे तो काढा. मग त्या फरकाच्या अंकांची बेरीज करा. १,८०० असेल तर एक आणि आठ, नऊ. बेरीज नऊ, अठरा, सत्तावीस अशी नवाच्या पाढ्यात आली तर अंक उलटे पडल्याचा संशय घ्या.

मग फरकाला नवानं भागा. उत्तरच तुम्हाला जागा दाखवतं. २७ चा फरक असेल तर उत्तर तीन. दशक आणि एकक यांच्यात अदलाबदल, आणि त्या दोन अंकांत तीनाचा फरक, जसं ५२ चे २५. फरक ४५० असेल तर उत्तर पन्नास. शतक आणि दशक यांच्यात अदलाबदल, अंकांत पाचाचा फरक, जसं १,२७० चे १,७२०. १,८०० ला उत्तर दोनशे. हजार आणि शतक, अंकांत दोनाचा फरक. मग सगळी वही चाळायला नको, तेवढ्याच घरात तसे अंक असलेल्या नोंदी बघायच्या.

शून्याकडंही लक्ष द्या. ५०० च्या जागी ५० लिहिले तरी फरक ४५० येतो, आणि त्यालाही नवानं भाग जातो. म्हणून अंकांची अदलाबदल सापडली नाही तर शून्य कुठं गळलं किंवा वाढलं का ते बघा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. नवानं भाग गेला म्हणजे पैसे सुरक्षित आहेत असं सिद्ध होत नाही. खरोखर हरवलेले पैसेही नेमके ९०० असू शकतात. भाग गेला नाही, तर चूक निव्वळ अंकांच्या अदलाबदलीची नाही, एवढंच कळतं. एखादी नोंद राहिली असेल, दोनदा पडली असेल, बेरीज चुकली असेल. नवाची कसोटी पहिल्यांदा कुठं बघायचं ते सांगते. निकाल पासबुकं आणि पावत्या देतात. पण पासबुकं, पावत्या आणि नऊ, हे तिन्ही होईपर्यंत कुणाच्या शेळीकडं बघायचं नाही.

आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र काय आहे? नियमित हिशेब लेखन. त्याला मी माझ्यापुरतं एक जोडलं आहे: लिहिलेलं परत वाचणं. बैठक उठायच्या आधी सचिवानं जमेची रक्कम मोठ्यानं वाचायची, आणि दुसऱ्या एकीनं सभासदांच्या पासबुकांवरून बेरीज करून हो म्हणायचं. पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी मी ती पाच मिनिटं दिली नाहीत.

आकड्याला भिऊ नका आणि त्याला देवही करू नका. १४२८५७ मध्ये जादू दिसते, पण गठ्ठे फोडून वाटले की तिचं कारण हाताला लागतं. वहीतली चूकही तशीच, आधी भुतासारखी वाटते आणि नीट बसून बघितलं की दोन अंकांची अदलाबदल निघते. देवळालीचे मास्तर जन्मभर कागद-पेन्सिल घेऊन असं नीट बसून बघत राहिले. आपल्याला महिन्यातून एकदा, एका कॅशबुकापुरतं बघायचं आहे.

आता तुमचा गृहपाठ. पहिला, १५८७३ ला सातनं गुणा आणि काय येतं ते पोरांना दाखवा. दुसरा, तुमच्या गटात जेवढ्या जणी आहेत तेवढ्यांत दहा लाख गठ्ठे करून वाटा आणि चटईवर किती उरतात ते लिहून ठेवा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या गटात कधी मेळ न बसून कुणाला बोल लागला असेल, तर ते जुनं कॅशबुक काढा आणि त्या फरकाला नवानं भागून बघा. भाग गेला तर पासबुकं मागवा. आणि चूक अंकांची निघाली तर त्या बाईच्या घरी जाऊन सांगा. पुढच्या बैठकीची वाट बघू नका.

येते मी. राम राम.